काळ्या ठिपक्यांची रेघ

परवा बारावीच्या वर्गात प्रजननाचा धडा शिकवत होते. शंकर नगरातल्या ज्या खाजगी शाळेत मी जीवशास्त्र शिकवते, तिथली मुलं सहसा प्रश्न विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न कोचिंगवालेच विचारून ठेवतात आणि उत्तरंही तेच देतात. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मैडम, फंगस तो अकेले भी बढ़ सकता है ना? फिर दूसरे की ज़रूरत क्या?"

वर्ग खिदळला. मी फळ्याकडे तोंड करून पुस्तकातलं उत्तर दिलं. एकट्यानं नुसती नक्कल करत राहिलं की सगळी पिल्लावळ एकसारखी निपजते. दोघांचं मिळून झालं की वेगवेगळी निपजते, आणि त्यातलं एखादं अशा जागी जगून दाखवतं जिथं त्याची आई जगली नसती, बापही जगला नसता. मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत दोन गुणांना येईल. मी मात्र तास संपल्यावर स्टाफरूममध्ये गेले नाही. जिन्याच्या खिडकीशी उभी राहिले. बाहेर कुंवारचं ऊन पडलं होतं.

कुंवार म्हणजे आपला आश्विन. रायपुरात तीन पिढ्या काढल्यावर महिन्यांची नावंही आम्ही इथलीच उचलली. या महिन्यात दिवस भाजून काढतो आणि पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. उरला भागातल्या कारखान्यांच्या मधे अजून काही बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, शिल्लक आहेत. तिथल्या धानावर लोखंडाची काळी भुकटी बसते आणि तिच्यावर दव. पोटरीतलं धान निसवत असतं, लोंबी नुकती बाहेर डोकावत असते, आणि हवेत एक कोवळा, दुधासारखा वास असतो. इतरांसाठी हा महिना मांडवांचा. दसऱ्याला बाबा नागपूरच्या गाडीत बसायचे, दीक्षाभूमीला जायला. त्यांच्यासाठी तो त्याचा महिना. माझ्यासाठी करप्याचा. अजूनही रस्त्याच्या कडेला धान दिसलं की मी स्कूटर थांबवते, उतरते आणि पान उलटून बघते. डोळ्याच्या आकाराचा ठिपका, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. दिसला की छातीत काहीतरी खाली बसतं. नाही दिसला तरी बसतंच.

एका कुंवारात मी हे ठिपके कागदी पाकिटांत भरून आणत होते. शहराबाहेरच्या एका धान संशोधन केंद्रात माझी पीएचडी चालली होती. आमचं घर गुढ़ियारीत, मालधक्क्याच्या मागे. बाबा मालगाडीचे गार्ड. त्यांनी आख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगून ठेवलं होतं, "आमची पोट्टी डॉक्टर होऊन राहिली." शेजारच्या काकू गुडघा दाखवायला आल्या तेव्हा मला सांगावं लागलं की मी माणसांची नाही, धानाची डॉक्टर होणार आहे. काकूंचा चेहरा उतरला. बाबांचा नाही उतरला. "धान बिमार पडलं त माणूस काय खाईन?" ते म्हणाले. "हेच मोठं काम हाय."

केंद्रात माझे मार्गदर्शक होते. त्यांना सगळे सर म्हणत. मीही तेवढंच म्हणेन. सर मराठी. भोसल्यांच्या राज्यात इथं आलेल्या घराण्यातले, त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी. पहिल्या दिवशी मी हौसेनं मराठीत ओळख करून दिली. त्यांनी माझं आडनाव ऐकलं, क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हिंदी धरली. "बैठिए. कहाँ से हैं आप?" त्यानंतर चार वर्षं आमचं सगळं बोलणं हिंदीतच झालं. दुसऱ्या एका मराठी मुलाशी, माझ्यासमोर, ते "अरे ये, चहा घे" म्हणत. मला बसायला खुर्ची मिळायची, आदरार्थी बोलणं मिळायचं, वेळेवर रसायनं मिळायची. तक्रार करावी असं काही नव्हतं.

आणि होते बिसाहू भैया. केंद्राच्या शेतावरचे मजूर, पन्नाशीचे, अभनपूरकडच्या एका खेड्यातले. सायकलवर यायचे. शिकलेले नव्हते, पण करपा आधी कुठे उतरेल हे त्यांना कळायचं. बाभळीच्या सावलीतली बांधी, पाणी साचलेला कोपरा, युरिया जास्त पडलेली ओळ. "इहाँ देख दीदी," म्हणून ते पान माझ्यापुढे धरायचे आणि ठिपका तिथं असायचाच. माझ्या प्रबंधातले निम्मे नमुने त्यांनी शोधलेत. आभाराच्या पानावर त्यांचं नाव सगळ्यात शेवटी आहे, ड्रायव्हरच्या खाली.

त्या वर्षी केंद्राचं एक नवं वाण तयार झालं होतं. आम्ही त्याला बारा नंबर म्हणायचो. सरांची पंधरा वर्षांची मेहनत. त्यात करप्याला अडवणारी एक नव्हे, दोन जनुकं बसवली होती. एका दाराला दोन कुलपं, असं सर पाहुण्यांना सांगायचे. ज्या बुरशीला एक कुलूप उघडता येतं तिला दुसरं येत नाही. खरंच होतं ते. शेजारच्या बांध्या करप्यानं जळाल्यासारख्या दिसत आणि बारा नंबर मधोमध हिरवंगार उभं. बिसाहू भैयांना त्याचा असा अभिमान की जणू पोटचा पोरगाच. चाचणीचं थोडं बियाणं सरांनी त्यांनाही लावायला दिलं होतं. सकाळी आले की पहिलं वाक्य तेच. "बने हे दीदी, एकदम बने हे." चांगलं आहे, एकदम चांगलं आहे.

मी जे केलं ते कोणी सांगितलं म्हणून केलं नाही. करप्याची बुरशी जवळपास सगळीकडे एकट्यानंच वाढते. पानावर ठिपका, ठिपक्यावर बीजाणू, वाऱ्यावर दुसरं पान. तिच्यातही दोन गट असतात, नर-मादी म्हणता येणार नाही पण जुळायला दोन्ही लागतात. बहुतेक भागांत एकच गट सापडतो, किंवा दोन्ही सापडले तरी त्यांच्यात काही होत नाही. माझ्याकडच्या पाकिटांतल्या दोन नमुन्यांचे गट वेगळे निघाले. दोन्ही एकाच बांधीतले, बाभळीखालचे, हातभर अंतरावरचे. मी ओट्सच्या माध्यमाच्या बशीत एकीला डाव्या बाजूला ठेवलं, दुसरीला उजव्या, आणि बशी थंड कपाटात दिव्याखाली सरकवली. तीन आठवडे रोज बघायची. दोन राखाडी वर्तुळं वाढत वाढत मध्ये येऊन भिडली आणि थांबली. बाकी काही नाही.

मग एका सकाळी त्या भिडल्या जागी काळे ठिपके होते. टाचणीच्या टोकाएवढे. एकाशेजारी एक, बशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, कोणी बारीक टाकानं रेघ ओढावी तसे. मी एक ठिपका काचेवर फोडला. आतून नळ्या बाहेर आल्या आणि प्रत्येक नळीत आठ बीजाणू होते. आनंदानं मी एकटीच टाळी वाजवली. आज तो आनंद आठवला की लाज वाटते, पण तो होता हे नाकारता येत नाही.

सांगायला जवळ बिसाहू भैयाच होते. मी त्यांना सूक्ष्मदर्शकावर वाकायला लावलं. एक डोळा मिटायला जमेना म्हणून त्यांनी तो हातानं झाकला. बराच वेळ बघत राहिले. मी सांगितलं, या दोघी वेगळ्या होत्या, इथं एक झाल्या, ही त्यांची पिल्लं.

"मतलब बिहाव हो गे," ते म्हणाले. लग्नच झालं की.

आम्ही दोघं खूप हसलो.

त्या पिल्लांचं पुढे काय होतं ते बघायला हवं होतं. मी त्यांतली काही वेगवेगळी वाढवली आणि बारा नंबरच्या रोपांवर फवारली. आईबापही फवारले होते, वेगळ्या कुंड्यांत. आठवड्यानं आईबापांच्या कुंड्या स्वच्छ. एकीला पहिलं कुलूप येत होतं, दुसरीला दुसरं. दोन्ही कुणालाच नाही. पण पिल्लांच्या तीन कुंड्यांमध्ये पानापानावर डोळे उघडले होते. मी पुन्हा फवारलं. पुन्हा तेच. त्यांनी दोघांकडून एकेक घेतलं होतं आणि दार सताड उघडं केलं होतं.

मी वही घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. एकदा मागे जाऊन पुन्हा वाचलं. खोलीत कूलरचा आवाज होता आणि टेबलावर बारा नंबरच्या लोंब्यांची जुडी काचेच्या बरणीत उभी होती. वाण मंजूर व्हायची बैठक पंधरा दिवसांवर होती, हे मलाही माहीत होतं.

सरांनी चष्मा काढला आणि मराठीत म्हणाले, "बस. चहा घेशील?"

मी बसले. चार वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी मराठीत बोलत होते.

"काम उत्तम आहे तुझं. अगदी उत्तम. पण मला सांग, हे शेतात घडताना कुणी पाहिलंय?"

"नाही सर."

"जगात कुणीच पाहिलेलं नाही. बशीत, वीस अंशांत, दिव्याखाली आपण घडवून आणतो. शेतात दोघी शेजारी आहेत म्हणजे त्यांचं जमतंच असं नाही. बरोबर?"

बरोबर होतं. शास्त्र म्हणून त्यांचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, "पण सर, निदान एक ओळ तरी लिहू या. या भागात लक्ष ठेवावं लागेल, अशी."

"एक ओळ लिहिली की समिती दोन वर्षं थांबवेल. तोवर जुन्या वाणांवर करपा पडतच राहणार. ते नुकसान कुणाच्या डोक्यावर?" ते थोडे पुढे वाकले. "आपण मराठी माणसं इथं चारच आहोत. आपल्यातलंच कुणी आपल्या कामाला टाचणी लावायला लागलं तर मग संपलंच. पुढच्या वर्षी यावर तुझा स्वतंत्र पेपर करू. तू पहिली लेखिका."

आपण. तो शब्द मी ऐकला आणि खरं सांगते, मला ऊब वाटली. बाबांनी ज्या 'आपण'ची जन्मभर वाट पाहिली नाही, कारण त्यांना ते नकोच होतं, ते माझ्यासमोर कपात घालून ठेवलं गेलं आणि मी ते प्यायले. चहात साखर जास्त होती. रोगप्रतिकार चाचणीचा कागद त्यांनी पुढे केला. 'या भागात आढळलेल्या सर्व नमुन्यांना प्रतिकारक.' ते वाक्यही खोटं नव्हतं. आढळलेल्या नमुन्यांना बारा नंबर प्रतिकारकच होतं. पिल्लं आढळलेली नव्हती, ती मी जन्माला घातली होती. चाचणी करणारी म्हणून मी खाली सही केली. माझी सही स्वच्छ आहे, अक्षर न् अक्षर लागतं.

"आणि त्या बशा आजच नष्ट कर," सर म्हणाले. "असली बुरशी बाहेर गेली तर पंचाईत." तेही बरोबरच. मी सगळ्या बशा पिशवीत भरल्या आणि ऑटोक्लेव्हमध्ये, आमच्या भाषेत मोठ्या कुकरमध्ये, वाफवून काढल्या. ओट्स शिजल्याचा वास आला. घरी गेल्यावर बाबा म्हणाले, "काहून वं, तोंड काहून असं झालं?" मी म्हटलं, डोकं दुखून राहिलं. पुढच्या वर्षी पेपर झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मला पदवी मात्र वेळेवर मिळाली. बाबांनी पाऱ्यात पेढे वाटले.

बारा नंबर मंजूर झालं आणि पसरलं. बिसाहू भैयांनी आपल्या गावात घरोघर जाऊन सांगितलं. मी तेव्हा केंद्रातच तात्पुरत्या नोकरीवर होते. ते मला येऊन सांगायचे, आज अमक्यानं घेतलं, आज तमक्यानं कबूल केलं. दोन कुंवार चांगले गेले. तिसऱ्या कुंवारात ते एका सकाळी आले ते सायकल न लावताच, तशीच आडवी टाकून. "दीदी, चलव," एवढंच म्हणाले.

मी स्कूटरवर त्यांच्या मागोमाग गेले. गावाच्या अलीकडे रस्ता तलावाच्या पाळीवरून वळतो. तिथून सगळं शिवार दिसतं. लांबून वाटलं, कासाचं गवत फुललंय. पांढरंच पांढरं. जवळ गेल्यावर कळलं, त्या लोंब्या होत्या. मानेपाशी काळं कडं पडून मोडलेल्या, पांढऱ्याफटक, आत दाणा नाही. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात. मी एक लोंबी चिमटीत धरली, ती हातात तुटून आली. बांधावर माणसं उभी होती. कोणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती बिसाहू भैयांकडे बघत होती.

तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांनी मला विचारलं. हिंदीत विचारलं, बहुधा मला नीट कळावं म्हणून. "दीदी, ये वही है क्या? वो बिहाव वाला?"

मी म्हटलं, "नाही. नहीं भैया, वो तो हमने जला दिया था. ये दूसरा है."

आणि बघा, तेही खोटं होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. माझ्या बशीतली बुरशी शिजून मेली होती. शेतात ती तशीच जुळून आली, की एकटीनंच काहीतरी टाकून, बदलून ती बारा नंबरवर बसायला शिकली, याचा शोध कुणी घेतला नाही. घेतला असता तर कदाचित मी चुकीची ठरले असते. मला तेही चाललं असतं. पण त्या बांधावर मला त्यातलं काही सुचलं नव्हतं. मला फक्त माझी सही आठवली होती.

वरून पाहणीला माणसं आली. अहवालात लिहिलं की हवामान प्रतिकूल होतं आणि शेतकऱ्यांनी युरिया जास्त टाकला. सरांनी पुढच्या वाणाचं काम सुरू केलं. त्यात तीन जनुकं बसवणार होते. गावानं बिसाहू भैयांना काही म्हटलं नाही. नुसतं त्यांच्याशी बोलणं सोडलं. दिवाळीनंतर ते कामावर यायचे थांबले. मी वर्षभरानं नोकरी सोडली. लोकांना सांगितलं, बाबांची तब्येत. बाबा ठणठणीत होते. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मले नाही जमत. ते म्हणाले, "तुले नाही जमत असं कोन्तं काम हाय वं?" आता ते नाहीत.

परवा त्या मुलीनं प्रश्न विचारला आणि काल रविवार होता. मी सकाळीच स्कूटर काढली. नऊ वर्षांत त्या रस्त्याला फिरकले नव्हते. मध्ये नवीन वसाहती उभ्या राहिल्यात, त्यांच्या कमानींवर गावांऐवजी इंग्रजी बागांची नावं आहेत. बिसाहू भैया अंगणात खाटेवर बसून सुतळी वळत होते. म्हातारे झालेत, एका डोळ्यात मोतीबिंदू. मला ओळखलं. त्यांच्या बायकोनं लोट्यात पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

मी सगळं सांगितलं. रोपांवर उठलेले डोळे, सरांची खोली, चहा, कागद, सही. बांधावर मी काय बोलले आणि मनात काय होतं, तेही. बोलताना मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, सुतळीकडे बघत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

"हव," ते शेवटी म्हणाले. "मैं जानत रहेंव."

म्हणजे, त्यांना माहीत होतं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्या कुंड्यांना पाणी तेच घालत होते. सुट्टीच्या दिवशीही. ठिपके त्यांनी माझ्या आधी पाहिले होते, आणि कुंड्या कोणत्या वाणाच्या आहेत हे त्यांना चिठ्ठी न वाचताही कळत होतं. मी सरांकडे वही घेऊन गेले तेव्हा ते व्हरांड्यातच होते.

"मग तुम्ही गावात का सांगितलं?" मी मराठीत विचारलं. इतकी वर्षं ते माझी मराठी समजत आलेत.

ते सुतळी वळायचे थांबले. माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता, नवल होतं, की हे हिला विचारावं कसं लागतं.

"आप मन दसखत करे रहेव न दीदी. त मैं सोचेंव, बने होही."

तुम्ही सही केली होती ना. मग मला वाटलं, चांगलंच असेल.

आतून बायकोनं चहा विचारला. मी नको म्हटलं. उठले, नमस्कार केला. या भागात कुणीही उंबऱ्यावरून निघालं की घरातला माणूस म्हणतो, फेर आबे, पुन्हा ये. अनोळखी माणसालाही म्हणतात, ते सवयीनं तोंडून निघतं. मी चपला घालेपर्यंत त्या शब्दांसाठी थांबले. फाटकाची कडी काढेपर्यंत थांबले. बिसाहू भैयांनी सुतळीचं टोक दातात धरलं होतं आणि दोन्ही हातांनी पीळ घट्ट करत होते.